नसलेल्या झाडांचं माप

विसपुते मास्तर हवेला मिठी मारून उभे राहायचे. ही काही लिहिण्याची ऐट नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. दुपारचं बाराचं ऊन, उंबरदऱ्याचं नांगरून टाकलेलं रान, आसपास चिटपाखरू नाही, आणि त्या ढेकळांच्या मधोमध हा शिडशिडीत माणूस दोन्ही हात पुढे गोल करून, बोटांत फीत धरून उभा. जाड बुंध्याला कवेत घ्यावं तसा. मग तो सावकाश फितीची टोकं जुळवायचा, मान तिरकी करून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रस्त्यावर जीप थांबवून बांध ओलांडून गेलो.

"काय मोजताय मास्तर?"

"एक्केचाळीस नंबर. कडुनिंब."

"कुठाय कडुनिंब?"

"तो तुम्ही नेला ना, शेठ. चार वर्षं झाली."

"मग आता काय मोजताय?"

"असता तर केवढा असता ते."

वही पुढे केली. मी नेला तेव्हा पाच फूट दोन इंच. पुढच्या वर्षी पाच फूट तीन. मग चार, मग पाच. आज पाच फूट सहा. माझ्या वखारीत चिरून, विकून, कुणाच्या तरी घराच्या चौकटी होऊन गेलेला लिंब या माणसाच्या वहीत अजून वाढत होता, आणि दरवर्षी मास्तरांचे हात तेवढे जास्त फाकत होते. मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" तर मास्तर म्हणाले, "नोंद घेतली," आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे चालू लागले.

या माणसावर माझा राग आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आजही आहे. वाचताना मी कुठं नरम पडलोय असं वाटलं, तर ती लिहिणाऱ्याच्या हाताची चूक समजा.

माझी नाशकात दिंडोरी रोडला लाकडाची वखार आहे. वडलांनी ठेवलेली नाही. हातगाडीवर जळण विकलं, तिथून उभं झाड विकत घेण्यापर्यंत आलो. उभ्या झाडाला एक प्रदक्षिणा घातली की आत किती लाकूड आहे, किती पोकळ आहे आणि मालकाला घाई किती आहे, हे तिन्ही मला कळतं. नव्वद सालानंतर आमच्या भागात द्राक्षं वाढत गेली आणि बांधावरची झाडं शेतकऱ्याच्या डोळ्यांवर यायला लागली. बागेवर सावली पडते, पाखरं बसतात, मुळ्या पाणी ओढतात. ज्या लिंबाखाली बापाचा खाटला असायचा त्याला पोरगा म्हणायचा, शेठ, एवढं घेऊन जा. मी घेऊन जायचो. माझं बरं चाललं होतं.

अशात एक दिवस विसपुते मास्तर लूनावरून वखारीत आले. ते मास्तर नव्हतेच मुळी. कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या पुसणारे, पानं चिकटवणारे सहायक. पण उंबरदऱ्यात हातात वही असलेल्या कुणाही माणसाला मास्तर म्हणतात, म्हणून तेच नाव पडलं. त्यांच्या प्राध्यापकांनी एक काम काढलं होतं: शेतीच्या मुलखात कुठल्या जागी किती जातींची झाडं आहेत ते पाहायचं. बांधावर किती, घरामागच्या परसात किती, ओढ्याच्या काठाला किती, गायरानात, डोंगरावरच्या जंगलात आणि देवराईत किती. काम दोन वर्षांचं होतं. दोन वर्षांत प्राध्यापकांची पुस्तिका छापून झाली आणि ते दुसऱ्या गावी बदलून गेले. मास्तरांना मात्र कुणी थांबा म्हटलं नाही. ते मोजत राहिले. रजा टाकून, रविवार धरून, पदरचं पेट्रोल घालून.

पद्धत अशी. दोरीनं एक चौकोन आखायचा, सगळीकडे त्याच मापाचा. त्या चौकोनात जेवढी झाडं, त्यांची छातीच्या उंचीवर जाडी मोजायची. "छाती माझी नव्हे," मास्तर बजावायचे, "शास्त्राची. साडेचार फूट." ती उंची चुकू नये म्हणून त्यांनी आपल्या प्रत्येक सदऱ्याला त्या जागी लाल दोऱ्याचा टाका घालून घेतला होता. पायातली चप्पल जाड झाली तर टाका वर जाईल, म्हणून नऊ वर्षं एकाच मापाची चप्पल. आणि फीत लावण्याआधी झाडाच्या सालीला तोंड लावून ते त्याचं नाव सांगायचे. अगदी हळू. मग क्षणभर थांबायचे. काय ऐकायचे ते त्यांनाच ठाऊक.

चौकोन द्राक्षाच्या बागेत पडला तरी सोडायचे नाहीत. तिथं झाड एकही नसायचं. तरी हे दोरीच्या आत मांडी घालून तासभर बसायचे. बागवाला विचारायचा, "मास्तर, काय सापडलं?"

"शून्य."

"ते तर मी बांधावरून सांगितलं असतं."

"तपासून घेतलं."

वखारीत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "पुढच्या दोन महिन्यांत तुम्ही कुठली झाडं पाडणार आहात?" मला वाटलं सरकारी माणूस आहे, म्हणून आधी चहा पाजला. मग कळलं की याला फक्त झाड जायच्या आधी गाठायचं आहे. म्हटलं, सांगू. त्यात आपलं काय जातंय. मी सांगायचो, हे लगेच लूना काढायचे, आणि मी कुऱ्हाडी घेऊन जाण्याच्या आठ दिवस आधी त्या झाडाचं नाव सांगून, माप घेऊन, पांढऱ्या ऑइलपेंटनं त्यावर नंबर टाकून यायचे.

आता गावाला यातलं काय दिसलं? गावाला एवढंच दिसलं की मास्तर येतो, झाडाच्या कानात काहीतरी बोलतो, आणि महिन्याच्या आत झाड जातं.

वर्षभरात ही गोष्ट पक्की झाली. मास्तरांची लूना दिसली की बाया परसातल्या शेवग्याच्या आड पोरांना घेऊन उभ्या राहायच्या. एकीनं तर पदर पसरून विनवलं, "मास्तर, एवढ्या लिंबोणीला हात नका लावू, लोणच्याचं झाड हाय." मास्तर म्हणाले, "नोंद घेतली," आणि लिंबोणी मोजली. ती त्याच उन्हाळ्यात वाळली. विहिरीला पाणी नव्हतं म्हणून वाळली, पण ते कोण ऐकतो. तेव्हापासून संध्याकाळी लोक त्यांच्याशी बोलायचे तेही दोन पावलं लांबून. मास्तर डोंगरावरून खाली उतरायचे तेव्हा पानगळ झालेल्या त्या सागांमध्ये त्यांचा पांढरा सदरा खोडाखोडामागून दिसायचा आणि नाहीसा व्हायचा, आणि त्यांच्या पुटपुटण्याचा आवाज वाळल्या पानांवरून सरपटत यायचा. माझ्यासारख्या माणसालाही तिकडं बघवायचं नाही.

खरी गोष्ट मला माहीत होती. मी कुणाला सांगितली नाही. कारण ज्या झाडाला मास्तरांचा हात लागला त्याचा मालक भाव करत नसे. "जाणारच हाय ते, शेठ, काय द्यायचं ते द्या." धंद्यात अशी सोय आपण होऊन चालत आली तर तिला दार लावणारा मी कोण.

पण हीच सोय माझ्या अंगावर उलटली, आणि राग आहे तो इथपासून.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. सौदा झाला की झाडाची थोडी साल तासायची आणि तिथं चुन्याचा पांढरा बोटभर पट्टा ओढायचा. तोडणारे गडी पेठच्या बाजूचे. त्यांचा मुकादम सोमा. त्याला अक्षरओळख नव्हती, पण हाताला एवढी सफाई की झाड सांगितलेल्या वितीवर पडायचं. त्याला सांगायचं ते एवढंच: पांढरं दिसेल ते पाड.

उंबरदऱ्याला एका बांधावरची चार झाडं मी घेतली होती. पट्टे ओढले, सोमाला जागा दाखवली आणि दोन दिवस वणीच्या बाजूला एका सौद्याला निघून गेलो. परत आलो तर तेरा झाडं आडवी. चार माझी, आणि लगतच्या बांधावरची कडूबाईची नऊ. जांभूळ, करंज, दोन भोकरं, एक मोठी चिंच. ती मास्तरांच्या चौकोनात आलेली, म्हणून सगळ्यांवर त्यांचे पांढरे नंबर.

"सोमा, हे काय केलं?"

"पांढरं दिसलं, पाडलं."

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. आणि तरीही मी त्याला नाही नाही ते बोललो, तेव्हा तो शांतपणे कुऱ्हाडीचा दांडा पुसत बसला.

कडूबाई म्हणजे साठीची विधवा, आवाज असा की ओढ्यापलीकडे ऐकू जावा. तिनं मला मारुतीच्या पारासमोर उभं केलं. नुकसान भरून दे म्हणाली, ते मी दिलं, तिथल्या तिथं. पण ते घेऊनही ती थांबली नाही. माझ्या हातगाडीपासून सुरुवात करून माझ्या खानदानापर्यंत गेली. शंभर माणूस ऐकत होतं. आणि विसपुते मास्तर? ते तिथंच होते. पारापासून वीस पावलांवर कडूबाईच्या बांधावर उकिडवे बसून एकेक बुंधा मोजत होते. मी वाट पाहत होतो, आता उठतील आणि म्हणतील, रंग माझा आहे. नाही उठले. नववा बुंधा मोजला, वही मिटली आणि लूना ढकलत निघून गेले. त्या दिवसापासून गावात माझं नाव पोपटशेठचं चोरशेठ झालं.

त्यानंतर मास्तरांनी झाडांवर नंबर टाकणं बंद केलं. आता ते कागदाची गुंडाळी आणि कोळशाची कांडी घेऊन हिंडायचे. खोडावर कागद धरायचा, वरून कोळसा घासायचा, की सालीच्या सगळ्या भेगा कागदावर उठतात. झाडावर खूण नको म्हणून झाडाचीच खूण घ्यायची. नंबर कागदावर. जी झाडं आधीच माझ्याकडे आली होती त्यांच्यासाठी ते वखारीत यायचे. ओंडक्यांच्या थप्प्यांतून हात फिरवत चालायचे, मध्येच थांबायचे. "हा अठ्ठ्याहत्तर." मी म्हणायचो, कशावरून? "इथं बैल अंग घासायचा." खरंच तिथली साल गुळगुळीत असायची. माझे गडी ते आले की जेवणाची सुट्टी घ्यायचे. मी त्यांना हाकलायला हवं होतं. का हाकललं नाही, माहीत नाही.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग निवृत्तीच्या ओढ्याकाठच्या झाडाचा सौदा झाला.

निवृत्ती नवा द्राक्षवाला. ओढ्यालगतचा तुकडा त्याला बागेखाली आणायचा होता, आणि काठावर एक उंच, सरळसोट, बारा महिने हिरवं असणारं झाड उभं होतं. गडद पानं, करडं खोड. पहिली फांदीच तीन पुरुष उंचीवर. मी तीस वर्षं लाकडात आहे, मला त्याची जात सांगता आली नाही. निवृत्तीच्या आज्यालाही माहीत नव्हती. त्या झाडावर कुणी बसत नसे, कुणी त्याच्या सावलीला भाकरी सोडत नसे. का, याला कारण नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीपासून माणूस जरा लांबच राहतो.

सौद्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तर वखारीत आले. पहिल्यांदाच त्यांचा सदरा घामानं भिजलेला पाहिला.

"शेठ, ते झाड एवढ्यात पाडू नका."

"का?"

"त्याचं नाव लागत नाही. माझ्या वहीत साडेतीन हजार झाडं आहेत. सगळ्यांना नाव आहे. हे एकच राहिलंय."

"मग लावा काहीतरी."

"काहीतरी लावता येत नाही. फूल पाहिजे. नुसत्या पानावर छातीठोक सांगता येत नाही. नऊ वर्षं वाट बघतोय, त्याखाली एक पाकळी सापडली नाही. एवढा उन्हाळा जाऊ द्या. चैत्र-वैशाखात फुललं तर फुललं."

निवृत्तीला जमीन फाल्गुनात मोकळी हवी होती. पण त्याला दोन महिने थोपवणं माझ्या हातात होतं, आणि मास्तरांना ते कळत होतं. समोरच्याला किती गरज आहे हे त्याच्या तोंडावर दिसलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. धंद्याची सवय.

"मास्तर, तुमच्या रंगापायी मी चोर ठरलो. त्या दिवशी तोंड उघडायला काय झालं होतं?"

"मला वाटलं तुम्ही सांगाल."

"मी? माझ्यावर कोण विश्वास ठेवणार होतं?"

"हं," मास्तर म्हणाले. "ते नाही लक्षात आलं."

माझं डोकं सणकलं. पण मी बोलण्यात साखर ठेवली. म्हटलं, "झालं ते झालं. तुमचं झाड मी वैशाखापर्यंत ठेवतो. त्या बदल्यात एक काम करा. कडूबाईच्या घरामागं तीन आंबे आहेत. ते तुम्ही अजून मोजले नाहीत. जाऊन मोजून या. बस."

तीन जुने रायवळ आंबे. एकेका खोडाला दोघांची कव पुरणार नाही. कडूबाई मला त्यातलं वाळकं पानही विकणार नव्हती. पण मास्तरांनी एकदा फीत लावली, सालीशी पुटपुटले, की तिच्या घरातच सुरू होणार होतं. पोरगा, सून, नातवंडं. आता जाणारच आहेत तर विकून टाका. महिन्याभरात पोरगा गुपचूप माझ्याकडे आला असता.

मास्तर बराच वेळ फितीचं टोक बोटाला गुंडाळत बसले. त्यांना वेडसर म्हणणारे म्हणोत, त्यांना सगळं समजलं होतं. म्हणाले, "माझा हात लागला की झाड जातं, हे गावात तुम्हीच राहू दिलंत ना?"

"मी काही पसरवलं नाही."

"पसरवलं नाही. राहू दिलंत."

मास्तर उठले. "उद्या दुपारी जातो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आधीच जाऊन कडूबाईच्या गोठ्याआड उभा राहिलो. सौदा पुरा होतो की नाही ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या तीन आंब्यांखाली भर दुपारी संध्याकाळसारखा अंधार होता. पानही हलत नव्हतं. मास्तर आले, पहिल्या आंब्यासमोर उभे राहिले. फीत काढली. सदऱ्यावरचा लाल टाका खोडाशी जुळवला. नाव सांगायला तोंड सालीजवळ नेलं. तेवढ्यात कडूबाई मागच्या दारातून बाहेर आली.

"आले का मास्तर. मी म्हनलंच, समद्यांचं झालं, आता आमचीच बारी."

"बसा कडूबाई."

"बसते कशाची. मोजा तुम्ही. मला तुमचं भ्या नाय. झाड कुऱ्हाडीनं पडतं, फितीनं नाय पडत, येवढी अक्कल हाय मला. पर माझी सून लय भित्री हाय. ती आज रातच्यालाच पोराला म्हनंल, इकून टाका. आन मी काय जल्माला पुरनार हाय का त्यांना आडवायला?"

मास्तर तसेच उभे राहिले. फीत दोन्ही हातांत, खोडापासून वितभर लांब. मी गोठ्याआडून मनात म्हणत होतो, लाव. टेकव नुसती. वर कुठंतरी एक होला घुमायला लागला आणि थांबला. मग मास्तरांनी फीत गुंडाळायला घेतली. हातभर, हातभर करत सगळी आत गेली.

"मोजत नाय?" कडूबाईनं विचारलं.

"नाही. बघायला आलो होतो."

"मंग वहीत काय लिवनार?"

"तेवढी जागा कोरी ठेवीन."

नऊ वर्षांत शून्यसुद्धा तपासून घेणाऱ्या माणसानं तीन आंबे सोडून दिले. कडूबाईनं त्यांना गूळ-पाणी दिलं. ते पिऊन मास्तर निघाले, ते थेट गोठ्यामागं आले. मी तिथं आहे हे त्यांना आल्यापासून ठाऊक असावं.

"नाही जमत शेठ. ओढ्याकाठचं झाड पाडा."

"वैशाखापर्यंत मी—"

"तुमची अट मी पुरी केली नाही. पाडा."

हे मला सहन झालं नाही. माणसानं दोन वेळा खालीवर करावं, रडावं, शिव्या द्याव्यात, मग मधला रस्ता निघतो. असं सरळ उठून गेल्यावर निघत नाही. संतापात मी त्याच संध्याकाळी सोमाला निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी कुऱ्हाडी लागल्या.

मास्तर आले होते. त्यांनी कुणाला अडवलं नाही. खोडापाशी गेले, फीत काढली. नाव सांगायला तोंड जवळ नेलं आणि तसंच मागं घेतलं. सांगायला नाव नव्हतं. नुसतंच माप घेतलं, लिहिलं. सोमानं कुऱ्हाड खाली ठेवून विचारलं, "झालं का तुमचं?" मास्तरांनी मान हलवली.

झाड अकराच्या सुमाराला पडलं. ओढ्याच्या बाजूला नाही, सोमानं ते बरोबर नांगरटीत घेतलं. धूळ खाली बसली आणि एक आवाज ऐकू यायला लागला. बारीक, एकसारखा. गडी मागे सरकले. आडव्या पडलेल्या त्या शेंड्यातून, पानांच्या आतून घुमल्यासारखा आवाज येत होता. सोमा पुटपुटत हात जोडून उभा राहिला. मीही पुढं गेलो नाही. मास्तर गेले. फांद्या बाजूला सारत शेंड्यात शिरले आणि दिसेनासे झाले.

बऱ्याच वेळानं मी वाकून आत पाहिलं. मास्तर पानांच्या आत बसले होते आणि त्यांच्या अंगाभोवती, डोक्यावर, हातांवर मधमाश्या होत्या. हजारो. एकही चावत नव्हती. प्रत्येक डहाळीला पानांच्या बेचक्यात राळ्याच्या दाण्याएवढी हिरवट फुलं लागली होती, दाटीवाटीनं.

"फुललं होतं की," मी म्हटलं.

"दरवर्षीच फुलत असणार. एवढ्या उंचावर, पानांच्या रंगाचं. आणि गळायचं ते ओढ्यात. पाण्यात वाहून जायचं." त्यांनी एक फूल नखावर घेऊन माझ्यापुढं धरलं. मला नुसता ठिपका दिसला. "नर आहे शेठ. पपईत नर झाड असतं ना, तसं. याला फळ धरत नाही. मादीचं झाड वेगळं लागतं."

"मग ते कुठाय?"

"नाही. बांध, परस, गायरान, डोंगर, सगळं मी बघितलंय. या मुलखात हे एकच होतं."

माश्या घुमत होत्या. त्यांना अजून कळलं नव्हतं.

मास्तरांनी एक डहाळी वर्तमानपत्रात गुंडाळली, बाहेर आले आणि कपडे झटकत म्हणाले, "संध्याकाळी घरी या ना शेठ." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी बोलावलं नव्हतं. मीही त्यांना कधी, राहता कुठं, विचारलं नव्हतं. मी जाणार नव्हतो. तरी पाच वाजता पंचवटीत त्यांनी सांगितलेला जिना चढून गेलो. आता तरी माफी मागतील, असं मला वाटत असणार.

एकच खोली. दार ढकललं आणि पाऊल आत पडेना. चारी भिंतींना, साडेचार फुटांच्या रेषेत, सालींचे ते काळे कागद चिकटवलेले. एकाला लागून एक, दारामागं, खिडकीच्या झडपांवर. उजेड खोलीच्या मध्यापर्यंत येऊन थांबत होता. सगळी माझी झाडं. बैलानं घासलेला अठ्ठ्याहत्तर नंबर मी नंबर न वाचता ओळखला. मी पाडलेल्या झाडांच्या मधोमध मी उभा होतो, आणि स्टोव्हवर चहा उकळत होता.

"नाव लागलं का?" मी विचारलं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

"लागलं." त्यांनी दोन शब्दांचं लांबलचक शास्त्राचं नाव सांगितलं. मला ते उच्चारता आलं नाही.

"आणि आपल्याकडे काय म्हणतात?"

"आपल्याकडे एकच होतं. एकट्याला कोण काय म्हणणार."

खोलीत कप एक होता. तो मला दिला. स्वतः वाटीतून प्यायले. बसायला खुर्ची नव्हती. भिंतीशी गादी होती, चांगली हातभर उंच. खाली वर्तमानपत्रांचे थर, प्रत्येक थरात पानं-फुलं. वरून माणसाचं वजन पडलं की ती सपाट वाळतात, म्हणून मास्तर त्यावरच झोपायचे. कूस न बदलता.

"बसा," ते म्हणाले. "इथं, मधोमध. आजची डहाळी खाली आहे. माझं वजन पुरत नाही."

मी बसलो. नव्वद किलोचा माणूस आहे मी. ते समोर जमिनीवर बसले. पारावरच्या त्या दिवसाबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. चहा संपला. थोड्या वेळानं मी उठायला लागलो.

"अजून थोडं," मास्तर घाईनं म्हणाले. "ओलं आहे."

पुन्हा बसलो. खाली रस्त्यावरचा आवाज कमी झाला, भिंतीवरचे कागद दिसेनासे झाले. पुन्हा हलावं म्हटलं तर पुन्हा तेच, "अजून जरा. ओलं आहे अजून."

ओलं काही एका बैठकीत सुकत नसतं. लाकूडवाल्याला हे कुणी सांगायला नको. मी बसून राहिलो.